आयत, वर्तुळ आणि इनामगाव

भूमितीच्या पुस्तकातील वर्तुळाची व्याख्या पाठ करण्याच्या कितीतरी आधी शेतकऱ्याच्या मुलाला वर्तुळ भेटलेले असते, ते खळ्यावर. मध्ये तिवडा रोवायचा, त्याला बैलांचे दावे बांधायचे आणि बैल हाकायचे. दाव्याची लांबी कायम राहिली की बैलांच्या खुरांखाली वर्तुळ आपोआप उमटते. त्यासाठी ना कंपासपेटी लागते, ना प्रमेय. खुंटी आणि दोर एवढी दोन साधने ज्या समाजाजवळ आहेत, त्याच्याजवळ वर्तुळ आहेच. ही साधी गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे इतिहासपूर्व काळातील वर्तुळांभोवती जगभर जे गूढ उभे केले जाते, त्याकडे अधिक स्वस्थ चित्ताने पाहता येते.

पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या उजव्या तीरावरील इनामगाव येथे अशीच वर्तुळे उघडकीस आली. ती देवळांची नव्हती, राजांच्या समाधींचीही नव्हती. तीन हजार वर्षांपूर्वीच्या सामान्य शेतकऱ्यांच्या झोपड्यांची ती वर्तुळे होती. त्यांच्या खालच्या थरांत त्याच गावाची आयताकृती घरे होती. आयताचे वर्तुळ का झाले, हा प्रश्न वरवर भूमितीचा वाटतो. प्रत्यक्षात तो पोटापाण्याचा प्रश्न आहे. असा प्रश्न विचारता येतो आणि त्याचे उत्तर मातीतून काढता येते, ही दृष्टी महाराष्ट्राला ज्यांनी दिली त्यांत अग्रभागी नाव येते ते डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया यांचे.

नालंदापासून प्रवरेपर्यंत

सांकलियांचा जन्म १० डिसेंबर १९०८ रोजी मुंबईत एका गुजराती कुटुंबात झाला. लहानपणी प्रकृती इतकी नाजूक की हे मूल जगेल अशी घरच्यांना खात्री नव्हती. आर्यांच्या मूलस्थानाविषयीचा लोकमान्य टिळकांचा ग्रंथ त्यांच्या हाती कोवळ्या वयातच पडला आणि भारताच्या प्राचीनतम काळाचा शोध घेण्याची ओढ त्यांच्या मनात रुजली. संस्कृतचा अभ्यास, त्यानंतर फादर हेरास यांच्या संस्थेत प्राचीन भारतीय इतिहासाचे शिक्षण आणि नालंदा विद्यापीठावरील प्रबंध, हा त्यांच्या विद्येचा पहिला टप्पा होय. तो सर्वस्वी ग्रंथांचा टप्पा होता.

दुसरा टप्पा इंग्लंडमध्ये सुरू झाला. लंडन विद्यापीठात गुजरातच्या पुरातत्त्वावर डॉक्टरेटसाठी काम करीत असताना मॉर्टिमर व्हीलर यांच्या मेडन कॅसल येथील उत्खननात त्यांना प्रत्यक्ष काम करावयास मिळाले. जमिनीचे थर कसे ओळखावेत, प्रत्येक वस्तूचे स्थान कसे नोंदवावे, खड्ड्याच्या बाजू सरळ का राखाव्यात, हे धडे त्यांनी तेथे हाताने काम करून घेतले. हेच व्हीलर पुढे १९४४ मध्ये भारतीय पुरातत्त्व खात्याचे महासंचालक होऊन आले. तोपर्यंत सांकलिया पुण्यात स्थिरावले होते.

१९३९ मध्ये डेक्कन कॉलेज पदव्युत्तर संशोधन संस्थेच्या स्वरूपात पुन्हा सुरू झाले आणि सांकलिया तेथे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. त्यानंतरची जवळजवळ पन्नास वर्षे पुणे हीच त्यांची कर्मभूमी राहिली. गुजरातमधील लांघणज येथे इरावती कर्वे यांच्यासह केलेले काम असो, नाशिकजवळ गंगापूर येथे गोदावरीच्या पात्रात शोधलेली अश्मयुगीन हत्यारे असोत, की कोल्हापूरचे ब्रह्मपुरीचे उत्खनन असो. ग्रंथांतून बाहेर पडून नद्यांच्या काठाने चालत राहणे हा त्यांच्या अध्यापनाचाच भाग झाला. त्यांचे विद्यार्थी घडले ते व्याख्यानांइतकेच या पायपिटीतून.

१९५०-५१ मध्ये प्रवरा नदीच्या काठी, संगमनेर तालुक्यातील जोर्वे येथे उत्खनन झाले. तांबड्या पृष्ठभागावर काळ्या रंगाची नक्षी असलेली, तोटीची मडकी आणि तांब्याच्या कुऱ्हाडी तेथे मिळाल्या. लहानशा जोर्वे गावाचे नाव एका संपूर्ण संस्कृतीला मिळाले. पुढे नेवासे आणि नर्मदाकाठचे नावडातोली येथील उत्खननांनी हे चित्र अधिक भरीव केले. सातवाहनांच्या आधी महाराष्ट्रात काय होते, या प्रश्नापुढे तोवर जवळजवळ कोरे पान होते. त्या पानावर शेती करणारी, तांबे वापरणारी, सुबक मडकी घडवणारी गावे उमटू लागली. राजांची नावे नसलेला हा इतिहास होता; पण तो इतिहास होता यात शंका उरली नाही.

घोड नदीच्या काठी

शिरूर आणि दौंड हे तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. पाऊस वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही लहरी. घोड, भीमा, मुळा-मुठा या नद्या वाहतात म्हणून माणूस येथे तग धरून राहिला. घोड नदीच्याच वरच्या अंगाला चांडोली येथे जोर्वे संस्कृतीची वस्ती आधी उजेडात आली होती. १९६८ मध्ये डेक्कन कॉलेजने इनामगावला कुदळ लावली तेव्हा सांकलिया साठीला आले होते. मधुकर केशव ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी हे त्यांचे प्रमुख सहकारी होते. काम सुरू झाले ते १९८२ पर्यंत, मोसमामागून मोसम चालू राहिले. १९७३ मध्ये सांकलिया निवृत्त झाले. पुढील वर्षी त्यांना पद्मभूषण मिळाले. इनामगावचे काम मात्र थांबले नाही.

येथे पद्धतीचा एक मुद्दा समजून घेतला पाहिजे. जुनी वस्ती पाहण्याचे दोन मार्ग असतात. विहिरीसारखा अरुंद खड्डा खोल खणला, तर कोणता काळ कोणावर रचला आहे हे कळते. पण गाव दिसत नाही. विस्तृत क्षेत्रावरील माती थराथराने काढली, तर घरे, अंगणे, चुली, बळदे आणि वाटा दिसतात. पहिला मार्ग स्वस्त, दुसरा वेळखाऊ. इनामगावला दुसरा मार्ग जाणीवपूर्वक पत्करला गेला. पाच टेकाडांपैकी मुख्य टेकाडावर सव्वाशेहून अधिक घरे उघडी करण्यात आली. एखाद्या राजधानीला शोभेल एवढी मेहनत एका शेतकरी गावावर खर्च झाली, हेच या प्रकल्पाचे वैशिष्ट्य.

वस्तीचे तीन कालखंड निश्चित झाले. इ. स. पू. १६०० च्या सुमारास माळवा संस्कृतीचे लोक येथे आले. इ. स. पू. १४०० ते १००० हा पूर्व जोर्वे काळ, गावाच्या भरभराटीचा. इ. स. पू. १००० ते ७०० हा उत्तर जोर्वे काळ, उतरणीचा. त्यानंतर गाव उठले.

भरभराटीच्या काळातील घरे ऐसपैस आणि आयताकृती होती. कुडाच्या, मातीने लिंपलेल्या भिंती, चूल, धान्य साठवण्याच्या कणग्यांसाठी बैठकी. नदीचे पाणी वळवण्यासाठी खोदलेला पाट आणि त्याला लागून बांध होता. धान्याचे कोठार होते आणि त्याच्याजवळ अनेक खोल्यांचे मोठे घर होते. ते गावाच्या प्रमुखाचे असावे असा उत्खनकांचा निष्कर्ष आहे. सातू हे मुख्य पीक. जोडीला गहू आणि कडधान्ये. दौंड तालुक्यात, भीमा आणि मुळा-मुठा यांच्या संगमावरील वाळकी येथे याच संस्कृतीची छोटी वस्ती सापडली आणि तेथे हाडाचा फाळ मिळाला. म्हणजे शेती केवळ कुदळीने उकरून होत नव्हती. जमीन नांगरली जात होती.

या लोकांना दिशांचे भानही होते. मृतांना घराच्या जमिनीखाली दक्षिणोत्तर पुरले जाई. लहान मुलांना तोंडाला तोंड लावून आडव्या ठेवलेल्या दोन मडक्यांत ठेवीत. प्रौढांचे पाय घोट्याखाली तोडलेले आढळतात. मृताने परत चालत जाऊ नये, ही त्यामागील भावना असावी. एका पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात मात्र चार पायांच्या मोठ्या रांजणात बसलेल्या स्थितीत एक प्रौढ पुरुष पुरलेला आढळला, आणि त्याचे पाय शाबूत होते. मृत्यूतही गावात सर्व समान नव्हते.

वर्तुळाचा हिशेब

उत्तर जोर्वे काळात चित्र पालटते. मोठी आयताकृती घरे मागे पडतात आणि लहान, गोल झोपड्या दिसू लागतात. दोनतीन झोपड्यांच्या पुंजक्यात एक कुटुंब राहत असावे असे दिसते. मडक्यांची घडण ओबडधोबड होते. गहू कमी होतो. हाडांच्या अभ्यासातून शेळ्या-मेंढ्यांचे आणि शिकारीच्या प्राण्यांचे महत्त्व वाढल्याचे कळते.

आता भूमितीकडे वळू. सोळा मीटर लांबीचा कूड घालण्याइतके साहित्य एखाद्या कुटुंबाजवळ आहे असे समजा. त्यातून ५ मीटर लांब आणि ३ मीटर रुंद खोली केली, तर आत १५ चौरस मीटर जागा मिळते. तोच कूड चौरसाकृती उभा केला, तर १६ चौरस मीटर. आणि वर्तुळाकार वळवला, तर २० चौरस मीटरहून थोडी अधिक. तेवढाच खर्च, पण जागा आयताहून तिसऱ्या हिश्श्याने जास्त. दिलेल्या परिघात सर्वाधिक क्षेत्र सामावणारी आकृती वर्तुळ होय, हे गणिताने फार पुढे सिद्ध केले. हाती लाकूड आणि माणूसबळ कमी असलेल्यांना ते अनुभवाने ठाऊक असते. शिवाय गोल झोपडीला सरळ, लांब तुळई लागत नाही. वाकवलेल्या काटक्या शेंड्याशी बांधल्या की छप्पर होते.

मग भरभराटीत आयत का? कारण आयताला जोड देता येते. एका भिंतीला टेकून दुसरी खोली काढता येते, घर मुलानातवंडांबरोबर वाढते, कणग्या भिंतीलगत ओळीने मांडता येतात. वर्तुळाला शेजारी जोडता येत नाही. दोन वर्तुळांमध्ये निरुपयोगी कोपरे उरतात. आयत ही साठवणुकीची, वारशाची आणि उद्याच्या भरवशाची आकृती आहे. वर्तुळ ही आजची गरज कमीत कमी खर्चात भागवणारी आकृती आहे. इनामगावचा आयत मोडून वर्तुळ झाले, तेव्हा गावाचे भूमितीचे ज्ञान वाढले नव्हते आणि घटलेही नव्हते. घटली होती ती शिल्लक.

ही शिल्लक का घटली? इ. स. पू. १००० च्या सुमारास पर्जन्यमान घटले, शेती भरवशाची राहिली नाही आणि गाव अर्धवट भटक्या पशुपालनाकडे वळले, अशी मांडणी ढवळीकरांनी पुढे सविस्तर केली. हा तर्क आहे, पण तो हवेतला नाही. धान्याचे दाणे, जनावरांची हाडे, मडक्यांची प्रत आणि घरांचे आकार हे चार वेगवेगळे साक्षीदार एकाच दिशेने बोट दाखवतात. उत्खनन चालू असतानाच १९७२ चा दुष्काळ महाराष्ट्रावर कोसळला. तीन हजार वर्षांपूर्वी पाण्याअभावी खंगलेल्या गावाचे थर जेथे उलगडले जात होते, त्याच मुलखात माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडीत होती. इतिहासाची एवढी जवळीक क्वचितच अनुभवास येते.

दगडांची वर्तुळे आणि आकाराची भूल

वर्तुळाचा दुसरा प्रसिद्ध प्रकार महाराष्ट्रात विदर्भात आढळतो. नागपूरजवळील जुनापाणी आणि माहूरझरी, तसेच टाकळघाट-खापा, नायकुंड येथे मोठमोठ्या अनघड दगडांची वर्तुळे आहेत. इंग्रजी अमदानीत रिव्हेट-कार्नॅक यांनी १८७९ मध्ये त्यांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. पुढे सांकलियांचे नाशिक-जोर्वे आणि नेवासे येथील सहकारी शां. भा. देव यांनी त्यांपैकी अनेक ठिकाणी पद्धतशीर उत्खनने केली. इ. स. पूर्व पहिल्या सहस्रकातील लोहयुगाची ही दफने आहेत. त्यांत लोखंडी अवजारे, काळी-तांबडी मडकी आणि घोड्यांचे अवशेष मिळाले. येथील वर्तुळ मृताच्या जागेची सीमा आखते. आतील माती-मुरमाचा ढीग विखरू नये म्हणून त्याला दगडांचे कडेही ठरते.

युरोपात अशा वर्तुळांच्या भूमितीवर मोठा वाद झाला. अलेक्झांडर थॉम या स्कॉटिश अभियांत्रिकी प्राध्यापकाने ब्रिटनमधील शेकडो दगडी वर्तुळांची काटेकोर मोजणी केली आणि १९६७ च्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, ती उभारणाऱ्यांजवळ सुमारे ०.८२९ मीटरचे एक प्रमाणित माप होते आणि काटकोन त्रिकोणाच्या आधारे ते लंबगोल व चपटी वर्तुळे आखीत. थॉम यांची मोजणी आजही आदराने वापरली जाते. एका सर्वमान्य मापाचा सिद्धान्त मात्र बहुतेकांनी स्वीकारला नाही. माणसाच्या पावलाने अंतर मोजले तरी जवळपास तसेच आकडे येऊ शकतात, असा आक्षेप संख्याशास्त्रज्ञांनी घेतला. पुण्यातही एक थोर गणितज्ञ या दगडांमागे हिंडत होता. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९६२ मध्ये पुणे जिल्ह्यातील महापाषाणांवर लेख लिहिला. पण त्यांनी त्या दगडांत प्रमेये शोधली नाहीत. तेथे कोणत्या देवता पूजल्या जातात आणि कोणत्या वाटांनी मेंढपाळ जातात, याची त्यांनी चौकशी केली.

इनामगावची गोल झोपडी आणि नागपूरची गोल समाधी यांची आकृती एक, पण अर्थ निराळा. आकारसाम्यावरून नाते जोडण्याचा मोह किती प्रबळ असतो, हे खुद्द सांकलियांच्या कारकिर्दीतही दिसते. नावडातोलीच्या तोटीच्या भांड्यांचे इराणमधील भांड्यांशी साम्य पाहून त्यांनी पश्चिम आशियातून आलेल्या लोकांचा तर्क मांडला होता. पुढील संशोधकांनी तो सामान्यतः मान्य केला नाही. १९७३ मध्ये रामायणावर लिहिताना त्यांनी लंका मध्य भारतात असावी असे मत मांडले, तेव्हा त्यांच्यावर चहूकडून टीका झाली. मते चुकू शकतात. त्यांचे मोठेपण मते अचूक असण्यात नव्हते. श्रद्धेचा विषय असो वा अभिमानाचा, पुराव्यापुढे त्याला उभे करण्याची त्यांची तयारी होती. आणि पुढच्या पिढीला त्यांचीच मते तपासता येतील असे थर, नकाशे आणि नोंदी त्यांनी मागे ठेवल्या.

पांढरीची राखण

आज शिरूर-दौंडच्या शिवारात कालव्यांच्या आणि विहिरींच्या पाण्यावर उसाचे मळे दिसतात. घरे सिमेंटची आणि पुन्हा आयताकृती झाली आहेत. पण पाऊस तोच आहे, आणि आपली शिल्लक धरणातल्या पाण्यावर अवलंबून आहे. घोड नदीकाठच्या एका गावाने पाट खणला, कोठार भरले, नऊशे वर्षे संसार केला आणि शेवटी ते उठले, ही हकिकत अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने राज्यांच्या उत्थान-पतनाइतक्याच गांभीर्याने वाचली पाहिजे.

ती वाचता येते, कारण जमीन जपली गेली होती. जुन्या वस्तीच्या टेकाडाला आपल्याकडे पांढर म्हणतात. तिची माती खत म्हणून शेतात जाते, घरबांधणीला जाते, सपाटीकरणाच्या यंत्राखाली एका दिवसात नाहीशी होते. हे करणाऱ्या शेतकऱ्याला दोष देऊन भागणार नाही. त्या मातीत त्याच्याच पूर्वसुरींचे सुगी-दुष्काळाचे हिशेब लिहिलेले आहेत, हे त्याला सांगितले कोणी? गावच्या शिक्षकाने मुलांना टेकाडावर नेऊन खापराचा तुकडा कोणत्या थरातून आला हे महत्त्वाचे का, एवढे जरी समजावले, तरी ती मोठी राखण ठरेल.

इनामगावच्या उत्खननाचा बृहद् अहवाल १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी, २८ जानेवारी १९८९ रोजी, पुण्यात डॉ. सांकलिया यांचे निधन झाले. जगेल की नाही अशी शंका ज्या मुलाविषयी घरच्यांना वाटली होती, त्याने ऐंशी वर्षांचे आयुष्य लाभून महाराष्ट्राच्या ज्ञात भूतकाळात हजारो वर्षांची भर घातली. त्या भरीत सिंहासने नाहीत. चुली आहेत, कणग्या आहेत, दोन मडक्यांत हळुवार ठेवलेली बालके आहेत, आणि आयत परवडेनासा झाला तेव्हा वर्तुळात दाटीने राहून तीनशे वर्षे चिवटपणे तग धरणारी माणसे आहेत.